समासातली पेन्सिल : बायबल अभ्यासण्याची एक रीत

१८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी गप्पा रंगल्या, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली. पुस्तकाची टिळकांना मुळीच ओढ नव्हती. पण वाचतो असा शब्द दिला होता. म्हणून नेहमीच्या सवयीने त्यांनी पेन्सिल घेतली आणि लक्षात ठेवण्याजोग्या जागांवर खुणा करत पुस्तक एकदा नजरेखालून घालायचं ठरवलं. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाशी ते आले आणि तिथेच थांबले, पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 'ख्रिस्तायन' लिहायला घेणाऱ्या या कवीची बायबलशी ओळख झाली ती हातात पेन्सिल धरून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जूचंद्र-नायगाव पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना ही रीत का सांगावीशी वाटली, त्यालाही कारण आहे. जूचंद्र हे मुळात आगरी गाव, चंडिकामातेच्या मंदिराचं आणि रांगोळी कलाकारांचं. पण नायगाव पूर्वेला इमारती उभ्या राहिल्या तशी मुंबईहून अनेक ख्रिस्ती कुटुंबं इकडे राहायला आली. रुळांच्या पलीकडे पापडी, सांडोर, गिरीज, नंदाखाल ही जुनी धर्मग्रामं आहेतच. घरोघर बायबल आहे. ते देवघराशेजारी स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असतं, सणाला उघडलं जातं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवलं जातं. रविवारच्या मिस्सेत ऐकलेले उतारे सगळ्यांना ओळखीचे असतात. मात्र उधळ्या पुत्राची गोष्ट कुठल्या पुस्तकात, तिच्या आधी काय घडलं, ती कुणाला उद्देशून सांगितली, असं विचारलं की भलेभले गप्प होतात.

यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. वसईत पोर्तुगीज आले १५३४ साली आणि गेले १७३९ साली. त्या काळात आणि त्यानंतरही कितीतरी पिढ्या इथला कॅथलिक माणूस लॅटिन मिस्सा ऐकत आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी देवशब्दाविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला आणि पवित्र शास्त्र सर्व भाविकांच्या हाती सहज पडलं पाहिजे असं बजावलं. म्हणजे घरी बसून स्वतःच्या भाषेत बायबल वाचायची आपली सवय दोन-तीन पिढ्यांचीच आहे. ती कानाकडून डोळ्याकडे आणि डोळ्याकडून हाताकडे न्यायची आहे, आणि त्यासाठी खुणा करणं हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त आणि पक्का उपाय आहे.

पहिली अडचण मनाची असते. पवित्र ग्रंथावर रेघा ओढायच्या? आजी काय म्हणेल? ही भीती मी हलकी मानत नाही. तिच्यामागे आदर आहे, आणि तो राखायलाच हवा. म्हणून घरात दोन प्रती ठेवा. लग्नात मिळालेली, जन्म-बाप्तिस्म्याच्या नोंदी असलेली कुटुंबाची प्रत कोरीच राहू द्या. चर्चमधल्या वाचनग्रंथाला तर पेन्सिलीचं टोकही लागता कामा नये, तो सगळ्यांचा आहे. अभ्यासासाठी साधी, स्वस्त बांधणीची वेगळी प्रत घ्या. आणि समासात लिहिण्याची परंपरा फार जुनी आहे, हेही आजीला सांगा. हिब्रू पोथ्या उतरवून घेणारे मासोरा परंपरेतले पंडित कुठला शब्द किती वेळा आला याच्या नोंदी समासातच करत. मध्ययुगीन युरोपातल्या मठांत बायबलच्या पानावर मधे मूळ मजकूर आणि सभोवती टीपा अशी मांडणी रूढ होती.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला, आणि शेवटी सक्त ताकीद दिली की या ग्रंथात कुणी आपल्या पदरची ओवी घालू नये. समासात लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही ताकीद मनाशी धरावी. आपलं लिहिणं हे आपलंच आहे असं पाहताक्षणी कळलं पाहिजे. ते दोन ओळींच्या मधे घुसता कामा नये, छापलेला शब्द त्याने झाकला जाता कामा नये, आणि नातवाच्या हाती प्रत गेली तर देवशब्द कुठला आणि आजोबांचं मत कुठलं, असा संभ्रम त्याला पडता कामा नये. म्हणून टीप समासातच लिहा, बारीक अक्षरात, आणि खाली तारीख टाका. तारीख फार मोलाची असते. पाच वर्षांनी तोच उतारा वाचताना तेव्हा आपल्याला काय खटकलं होतं ते कळतं.

आता साहित्य. बायबलचा कागद अतिशय पातळ असतो, नाहीतर एवढी पुस्तकं एका बांधणीत मावलीच नसती (कॅथलिक प्रतीत ७३, प्रोटेस्टंट प्रतीत ६६; सोसायटीतल्या प्रार्थना गटात दोन्ही प्रकारची मंडळी असली तर तोबित किंवा मक्काबी शोधताना होणारा गोंधळ यातूनच येतो). अशा कागदावर जेल पेन पाठीमागच्या पानावर उतरतं. शाईचं पेन पसरतं. बाजारातला पातळ शाईचा हायलायटर दोन्ही बाजूंचं पान खराब करतो. बॉलपेन सुरुवातीला बरं वाटतं, पण त्याचा कागदावर चर पडतो आणि काही वर्षांनी शाईचा तेलकट डाग मागे दिसू लागतो. साधी एचबी पेन्सिल आणि शाळकरी मुलांच्या डब्यातल्या लाकडी रंगीत पेन्सिली, एवढ्यावर भागतं. ज्यांना हायलायटरच हवा त्यांनी मेणासारख्या कोरड्या कांडीचा घ्यावा. काहीही वापरण्याआधी शेवटच्या नकाशांच्या किंवा कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढून, पान उलटून बघा.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. वसईच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि मऊ पडतो. टोकदार पेन्सिलीने तो फाटतो आणि खोडरबराने चुरगळतो. जून ते सप्टेंबर टोक किंचित बोथट ठेवा, पानाखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. खोडताना पान दोन बोटांनी ताणून धरा आणि रबर एकाच दिशेने फिरवा, मागेपुढे घासू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलेल्या प्रतीला बुरशी लवकर धरते, फडक्यात ठेवलेली टिकते. कपाटात पडून राहिलेल्या पुस्तकाला कसर लागते. रोज उघडलं जाणारं पुस्तक सहसा वाचतं.

जूचंद्र स्टेशनातून दिवा गाडी पकडणारे पुष्कळ जण प्रवासात वाचतात. जरूर वाचावं, पण हलत्या डब्यात रेघ मारू नये. जिथे थांबावंसं वाटलं तिथे कागदाची पट्टी घालावी आणि खूण घरी आल्यावर करावी. संध्याकाळपर्यंत ती जागा खुणेच्या लायकीची वाटली नाही, तर वेळ आणि कागद दोन्ही वाचले.

आता खुणा करायच्या कशा, ते एक अध्याय हाती घेऊनच बघू. लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय उघडा. पहिल्यांदा पेन्सिल बाजूला ठेवून पूर्ण वाचा, शक्य तर मोठ्याने. दुसऱ्या वाचनात पहिल्या दोन ओवींवर, म्हणजे वचनांवर, थांबा आणि ऐकणारे कोण आहेत त्यांच्याभोवती चौकट करा. एकीकडे जकातदार आणि पापी आहेत, ते ऐकायला जवळ आलेत. दुसरीकडे परूशी आणि शास्त्री, ते कुरकुर करताहेत. पुढच्या तिन्ही गोष्टी या दोन गटांसमोर सांगितल्या आहेत. चौकट केली नाही तर आपण त्यांना विसरतो, आणि गोष्ट अर्धीच कळते.

मग हरवणं आणि सापडणं या अर्थाचे शब्द जिथे जिथे येतील तिथे खाली एकाच रंगाची रेघ ओढा. आनंदाच्या शब्दांखाली दुसरा रंग. पान लांब धरून बघा. शंभरातलं एक मेंढरू, दहातलं एक नाणं, दोन मुलांतला एक. संख्या कमी होत जाते आणि हरवलेल्याचं मोल वाढत जातं. हे शिकवायला कुणी लागत नाही, रंगच दाखवून देतात.

तिसऱ्या वाचनात १८वं आणि १९वं वचन कंसात घ्या. धाकटा मुलगा परदेशात उपाशी बसून बापाला काय सांगायचं ते मनाशी जुळवतो. आता २१व्या वचनाला तसाच कंस करा, तिथे तो प्रत्यक्ष बोलतो. दोन्ही कंस ताडून पाहा. ठरवलेल्या बोलण्यातला शेवटचा भाग, मला मजूर म्हणून ठेवून घ्या ही विनवणी, २१व्यात नाहीच. बापाने ती बोलू दिलेली नाही. २०व्या वचनात बापाच्या क्रियापदांना एक-दोन-तीन असे आकडे घाला: त्याने पाहिलं, त्याला कळवळा आला, तो धावला, त्याने गळ्यात मिठी घातली, मुके घेतले. पाच क्रिया होतात, आणि मुलाचा एक शब्दही फुटायच्या आधी होतात.

आता थोरल्याकडे या. २८व्या वचनात बाप पुन्हा घराबाहेर येतो, यावेळी त्याच्यासाठी. २०पासून २८पर्यंत समासातून एक बाण काढा: बाप दोनदा बाहेर आला आहे. ३०व्यात थोरला धाकट्याला भाऊ म्हणत नाही. तो त्याचा उल्लेख बापाचा मुलगा म्हणून करतो. ३२व्यात बाप ते नातं उलटून त्याच्याकडे परत देतो. या दोन्ही जागी नात्याच्या शब्दाखाली दुहेरी रेघ हवी. आणि शेवटी, थोरला आत गेला की नाही? लूक सांगत नाही. अध्यायाच्या शेवटी मोठं प्रश्नचिन्ह काढा आणि तिथून एक बारीक रेघ वर दुसऱ्या वचनातल्या कुरकुर करणाऱ्यांपर्यंत न्या. ज्यांना उद्देशून गोष्ट सांगितली त्यांनीच तिचा शेवट करायचा आहे. ही एक रेघ ओढली त्या दिवसापासून उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्हाला पूर्वीसारखी वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

एवढ्या तपशिलात जाण्याचं कारण, खूण करणं म्हणजे आवडलेलं वाक्य रंगवणं अशी समजूत फार पसरली आहे. आवडलेलं वाक्य आधीच आवडलेलं असतं, त्याला रंगाची गरज नसते. खूण तिथे करावी जिथे दोन जागा एकमेकींशी बोलतात, जिथे शब्द परत येतो, जिथे 'म्हणून', 'परंतु', 'कारण' असा जोडणारा शब्द येतो आणि विचार वळतो. पौलाची पत्रं वाचताना तर या लहान शब्दांना गोल केल्याशिवाय पुढे जाऊच नये. आणि सर्वांत उपयोगी खूण कोणती, असं विचाराल तर मी प्रश्नचिन्ह म्हणेन. जे कळलं नाही त्यापुढे ते निःसंकोच काढा. फादरांना किंवा पाळकांना विचारायचे प्रश्न त्यातूनच तयार होतात.

रंग किती घ्यावेत? काही अभ्यासपुस्तकं दहा-बारा रंगांचे तक्ते देतात. ते महिनाभरात सुटतात, कारण वाचताना लक्ष मजकुरावरून उडून रंगाच्या निवडीवर जातं. चार पुरेत: देवाविषयी काही सांगितलं असेल तिथे निळा, माणसाने काय करावं ते असेल तिथे हिरवा, अभिवचनाला पिवळा, परत परत येणाऱ्या शब्दाला तांबडा. तुमच्या प्रतीत येशूचे शब्द तांबड्या अक्षरांत छापलेले असतील (ही पद्धत १८९९ सालच्या एका अमेरिकन आवृत्तीपासून रूढ झाली) तर तांबड्याऐवजी तपकिरी घ्या. कुठला रंग कशासाठी ते पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा आणि नंतर बदलू नका. जूचंद्रचा कलाकार व्यक्तिचित्राची रांगोळी काढताना आधी रेखाटन पक्कं करतो आणि मग रंगाला हात घालतो, तोच क्रम इथेही ठेवावा: पहिलं वाचन मोकळं, दुसरं पेन्सिलीचं, रंग त्यानंतर.

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ ग्रंथाचे नाहीत, हेही ध्यानात असू द्या. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टनने केली, नव्या कराराला वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली दिले. सोयीसाठी ते उत्तम आहेत, पण विचार कधीकधी आकड्याला ओलांडून जातो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायाचं पहिलं वचन खरं तर १०व्या अध्यायाचा शेवट आहे. अशा ठिकाणी दोन्ही भागांना जोडणारा कंस समासात टाका.

मराठी बायबलांचा समास अरुंद असतो आणि टीप लांबली की अक्षर वाचेनासं होतं. तिथे समासात नुसता आकडा घालावा आणि मजकूर वहीत लिहावा. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकाकडे बायबलची एक प्रत होती, तिच्या छापील पानांमध्ये मोठे कोरे कागद बांधून घेतलेले होते. आयुष्यभर तो त्यांवर टीपा लिहीत राहिला. आपल्याकडचा एखादा चांगला बाइंडर हे काम सहज करून देईल. सगळ्या बायबलसाठी ते फार होईल, पण एकेका शुभवर्तमानाच्या सुट्या पुस्तिका मिळतात, त्यातली एक कोऱ्या कागदांसह बांधून घ्या. नवशिक्यांनी तर अशाच पुस्तिकेवर हात बसवावा, म्हणजे मोठी प्रत बिघडण्याची धास्ती राहत नाही.

टीप कुठल्या मराठीत लिहावी, हाही प्रश्न मला विचारला जातो. घरात जी बोलता त्या. कादोडीत लिहा, वाडवळीत लिहा, आगरीत लिहा. प्रवचनात शोभणारी वाक्यं समासात लिहायला गेलं की माणूस दुसऱ्याचे शब्द लिहून मोकळा होतो. आपल्या बोलीत लिहिताना आपल्याला खरोखर काय समजलं तेवढंच उतरतं.

एक काम मात्र दोन प्रती शेजारी ठेवून करावं. बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' असा जोड उत्तम. नंदाखालच्या दिब्रिटोंनी वर्षानुवर्षं खपून केलेला हा अनुवाद २०१० साली आला आणि २०१३ साली त्याला अनुवादासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांना मिळेल त्यांनी पंडिता रमाबाईंचं भाषांतरही पाहावं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते एकटीने पुरं केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं. जिथे दोन अनुवादांत ठळक फरक दिसेल तिथे नागमोडी रेघ ओढा. बहुधा मूळ शब्दाला एकाहून अधिक छटा आहेत याची ती निशाणी असते, आणि घाईने अर्थ ठरवण्याआधी तिथे थांबायला हवं.

शेवटी कॅथलिक वाचकांसाठी एक खास पद्धत, जी मी सर्वांत जास्त आग्रहाने सांगतो. १९६९ च्या सुधारणेनंतर रविवारच्या मिस्सेतली वाचनं तीन वर्षांच्या चक्रात लावली आहेत. वर्ष 'अ' मध्ये मुख्यतः मत्तय, 'ब' मध्ये मार्क, 'क' मध्ये लूक. योहान तिन्ही वर्षांत विखुरलेला असतो. दर रविवारी मिस्सेहून घरी आल्यावर त्या दिवशीची वाचनं आपल्या प्रतीत शोधा आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला समासात वर्षाचं अक्षर लिहा, शेवटी आडवी रेघ मारा. पाच मिनिटांचं काम आहे आणि मुलांना ते करायला आवडतं. कानावर पडलेला उतारा पुस्तकात नेमका कुठे आहे, त्याच्या आधी काय आहे आणि रेघेनंतर काय उरलं, हे दर आठवड्याला दिसू लागतं. तीन वर्षं पुरी झाली की पानं चाळा. नव्या करारात अक्षरांची दाटी दिसेल, आणि जुन्या करारात कितीतरी पानं अक्षरावाचून कोरी. त्या कोऱ्या पानांपासून घरचं वाचन सुरू करा, कारण ती रविवारी तुमच्या कानावर पडणार नाहीत.

धार्मिक वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या चार रविवार आधी, सुरू होतं. कुठलं वर्ष चालू आहे ते ओळखायला इसवी सनाला तीनने भागा: बाकी एक उरली तर 'अ', दोन उरली तर 'ब', काहीच उरलं नाही तर 'क'. आगमनकाळापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या रविवारांना मात्र पुढच्या इसवी सनाचं अक्षर लावायचं.